डॅशबोर्डवरचा चिखल : मोटारीने इंग्रजीला दिलेले (आणि न दिलेले) शब्द

आज कोणत्याही शासकीय खात्याच्या किंवा बँकेच्या संकेतस्थळावर ‘डॅशबोर्ड’ असतो. त्यावर आकडे, आलेख आणि रंगीत चौकोन असतात. संगणकाने हा शब्द मोटारीकडून घेतला, हे सहज लक्षात येते. पण मोटारीने तो कोठून घेतला? घोडागाडीकडून. इंग्रजीत ‘डॅश’ म्हणजे जोराने आदळणे, उडणे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आणि खडे गाडीवानाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूस लाकडाची किंवा चामड्याची एक फळी उभी केलेली असे. ती फळी म्हणजे डॅशबोर्ड. पुढे घोडे गेले आणि इंजिन आले, तरी फळी तशीच राहिली. मग तिच्यावर वेग आणि इंधन दाखवणाऱ्या तबकड्या बसल्या, आणि चिखल अडवणारी फळी ‘माहितीचा फलक’ झाली.

इंग्रजी भाषेतील मोटारविषयक वाक्प्रचार हा विषय सहसा भाषाशास्त्राच्या खात्यात टाकला जातो. तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही हाती घ्यावा, असे मला वाटते. कारण यांतले काही शब्द मोटारीपेक्षा जुने आहेत, काही बंद पडलेल्या यंत्रांचे अवशेष आहेत, आणि एक शब्द तर रस्ता कोणाचा या भांडणात हत्यार म्हणून वापरला गेला. त्या शेवटच्या शब्दासाठीच हा धागा लिहीत आहे. तेथवर जाण्याआधी थोडी भटकंती करू.

प्रथम मोटारीपेक्षा जुने शब्द. ‘ड्राइव्ह’ हे क्रियापद प्राचीन इंग्रजीपासूनचे आहे. जनावरांना मागून रेटत पुढे नेणे, हा त्याचा जुना अर्थ. म्हणजे आपले ‘हाकणे’. येथे मराठीने वेगळी वाट धरली. बैलगाडी आपण हाकतो, मोटार मात्र चालवतो. इंग्रजीने जनावरांचे क्रियापद यंत्राला दिले. मराठीने ते यंत्राला न देता राज्यकर्त्यांसाठी राखून ठेवले. म्हणून आजही राज्यशकट हाकला जातो आणि कारभाराचा गाडा हाकला जातो. (यात प्रजेला बैल मानले आहे का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.)

सामान ठेवण्याच्या जागेचेही तसेच. अमेरिकेत तिला ‘ट्रंक’ म्हणतात, कारण सुरुवातीच्या मोटारींच्या मागे खरोखरच प्रवासी पेटी पट्ट्यांनी बांधलेली असे. ब्रिटनमध्ये तिला ‘बूट’ म्हणतात; घोड्यांच्या टपालगाडीत सामान ठेवण्याच्या कप्प्याचे ते नाव होते. आपण तिला ‘डिकी’ म्हणतो. हा शब्दही घोडागाडीचाच. गाडीवानाच्या किंवा मागे बसणाऱ्या नोकराच्या आसनाला इंग्रजीत डिकी म्हणत. पुढे मोटारीच्या मागील बाजूस उघडणाऱ्या जादा आसनालाही तेच नाव मिळाले. आसन गेले आणि भारतात नाव सामानाच्या कप्प्याला चिकटले.

चालकाशेजारच्या आसनावर हक्क सांगताना अमेरिकेतील तरुण ‘शॉटगन’ असे ओरडतात. टपालगाडीवर गाडीवानाशेजारी बंदूकधारी रक्षक बसे, त्यावरून हे आले, ही माहिती खरी आहे, पण अर्धीच. त्या काळात अशा रक्षकाला ‘शॉटगन मेसेंजर’ म्हणत. ‘रायडिंग शॉटगन’ हा वाक्प्रचार मात्र टपालगाड्यांचे युग सरल्यानंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी कथा-कादंबऱ्यांतून पुढे आला आणि हॉलिवूडच्या पश्चिमपटांनी तो घरोघरी नेला. म्हणजे हा गतकाळाचा शब्द नव्हे. नंतरच्या पिढीने गतकाळाला दिलेला शब्द आहे. ऐतिहासिक चित्रपट पाहणाऱ्यांनी हा फरक जरूर लक्षात ठेवावा.

आता खुद्द यंत्राकडे वळू. आरंभीच्या मोटारी सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. आपल्याकडील जुन्या ट्रक-एस्टींच्या आठवणींतही हे ‘हँडल मारणे’ येते. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल उलट फिरे आणि मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने तयार केलेला विजेवर चालणारा ‘सेल्फ-स्टार्टर’ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवण्यात आला आणि हा धोका ओसरू लागला. आज नोकरीच्या जाहिरातींत ‘सेल्फ-स्टार्टर’ उमेदवार हवा असतो, म्हणजे कोणी न सांगता कामाला लागणारा. त्याला हँडल मारावे लागत नाही, हा त्यातला मूळ विनोद आता कोणाच्याच लक्षात येत नाही.

इंजिनातील सिलिंडरांचा वाक्प्रचार तर यंत्राबरोबर वाढत गेला. सगळे सुरळीत चालले आहे हे सांगायला विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन लोक ‘चारही सिलिंडरांवर चालणे’ म्हणत. सहा सिलिंडरांच्या मोटारी आल्या तसे म्हणीतही सहा झाले. शेवटी संख्येचा नाद सोडून भाषेने ‘सर्व सिलिंडरांवर’ असे म्हणून टाकले. ‘स्टेप ऑन द गॅस’, म्हणजे घाई कर, याचे भवितव्य पाहणे आता रंजक ठरेल. येथे गॅस म्हणजे वायू नव्हे, ‘गॅसोलीन’ या शब्दाचे अमेरिकन लघुरूप, आपले पेट्रोल. विजेच्या मोटारीत तेही नाही. पण डॅशबोर्डने घोडा गेल्यावरही शंभराहून अधिक वर्षे काढली; पेट्रोल गेल्याने हा वाक्प्रचार मरेल असे मला वाटत नाही.

येथे एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावू. इंग्रजीत एखाद्या अफलातून गोष्टीला ‘डूझी’ म्हणतात, आणि तो शब्द ‘ड्यूझेनबर्ग’ या अलिशान अमेरिकन मोटारीच्या नावावरून आला, असे समाजमाध्यमांवर वारंवार वाचायला मिळते. ड्यूझेनबर्गची मोटार कंपनी १९२० मधली. ‘डूझी’ हा शब्द १९०३ पासून छापील मजकुरात सापडतो. कालक्रम तपासला की पुष्कळ सुंदर कथा अशा एका मिनिटात कोसळतात.

‘लेमन’ची कथा मात्र खरी आहे आणि दीर्घही. निकृष्ट, गळ्यात मारलेल्या वस्तूला लिंबू म्हणण्याची अमेरिकन बोली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. ती मोटारींपुरती नव्हती. पुढे सदोष मोटारीलाच हा शब्द घट्ट चिकटला. १९६० मध्ये फोक्सवॅगनने आपल्याच बीटल मोटारीच्या छायाचित्राखाली हा एकच शब्द छापून जाहिरात केली. मोटारीवर एक बारीकसा दोष आढळला म्हणून आमच्या तपासनिसांनी ती नाकारली, असा खालचा मजकूर होता. जाहिरातींच्या इतिहासात तिला आजही मान आहे.

१९७० मध्ये जॉर्ज ॲकरलॉफ या तरुण अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात हेच लिंबू होते. विकणाऱ्याला मोटारीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात. आणि शेवटी बाजारात लिंबेच उरतात. तीन नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९८० च्या दशकात अमेरिकेतील राज्यांनी सदोष नव्या मोटारींच्या ग्राहकांना संरक्षण देणारे कायदे केले. त्यांनाही ‘लेमन लॉ’ म्हणतात. रस्त्यावरची शिवी अर्थशास्त्रात आणि तेथून कायद्याच्या भाषेत पोहोचली. आपल्याकडे नवी गाडी घेतली की पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवतात आणि ते चिरडून गाडी पुढे घेतात. दोहोंचा काहीही संबंध नाही. पण अमेरिकन पाहुण्याला हा विधी समजावताना थोडी काळजी घ्यावी.

उलट दिशेचे एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीने विसरलेला आणि आपण जपलेला शब्द म्हणजे ‘स्टेपनी’. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. चाक पंक्चर झाले की रस्त्यातच टायर उतरवून दुरुस्त करत बसावे लागे. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. टायर चढवलेली, पण आऱ्या नसलेली एक तयार कडी त्यांनी बनवली. ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून अडकवता येई. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून हे स्टेपनी चाक. ते साम्राज्यभर विकले गेले. पुढे मोटारींना कारखान्यातूनच जादा चाक मिळू लागले, स्टेपनीची गरज संपली, आणि ब्रिटनमधून शब्दही गेला. भारत, बांगलादेश आणि माल्टा येथे तो टिकला. ब्राझीलमध्ये ‘एस्तेपे’ या रूपात टिकला. आपण तर त्याला वाक्प्रचाराचा दर्जा दिला. गरज पडली तरच ज्याची आठवण होते अशा माणसाला मराठीत स्टेपनी म्हणतात. लंडनच्या रस्त्यावर हा शब्द उच्चारला तर समोरच्याला त्याच शहरातला स्टेपनी नावाचा भाग आठवेल.

मोटारीत बसलेल्या माणसांचेही काही शब्द आहेत, आणि येथून विषय गंभीर होत जातो. ‘शोफर’ हा फ्रेंच शब्द. मूळ अर्थ तापवणारा, भट्टीत इंधन घालणारा. वाफेच्या वाहनांची ती आठवण. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील श्रीमंतांनी मोटारी घेतल्या, पण त्या चालवणे आणि दुरुस्त करणे त्यांना येत नव्हते. त्यामुळे नोकर असूनही शोफर हा धन्यापेक्षा जाणकार माणूस झाला. धन्याला ते खुपत असे. मालक नसताना त्याची मोटार घेऊन मित्रांसह फिरायला जाणाऱ्या शोफरांच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या, आणि १९०८-०९ च्या सुमारास ‘जॉयराइड’ हा शब्द रूढ झाला. वरकरणी आनंदाचा वाटणारा हा शब्द मुळात मालकांची तक्रार आहे. ज्यांनी ती सफर केली त्यांनी तिला काय नाव दिले होते, ते छापले गेले नाही. ‘बॅकसीट ड्रायव्हर’ हाही असाच एक शब्द. मागे बसून सूचना देणारा, पण चाक हाती नसलेला. मोटार मालकच चालवू लागला तेव्हा मागच्या आसनाचा अधिकार गेला आणि उपहास उरला.

राजकारणाने यांतले बरेच शब्द उचलले. ‘यू-टर्न’चे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी आपले आर्थिक धोरण फिरवले, त्याला हे नाव चिकटले. १० ऑक्टोबर १९८० रोजी ब्रायटनच्या पक्ष-अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनी, वळायचे असेल तर तुम्ही वळा, आपण वळणार नाही, अशा आशयाचे ते गाजलेले वाक्य उच्चारले. एका नाटकाच्या शीर्षकावर श्लेष करणारे ते वाक्य रोनाल्ड मिलर या नाटककाराने लिहून दिले होते. तेव्हापासून यू-टर्न ही नामुष्की मानली जाते. खऱ्या रस्त्यावर मात्र चुकलेला चालक गाडी वळवतो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. रूपक वास्तवातील कोणता भाग उचलते आणि कोणता गाळते, याकडे लक्ष ठेवावे लागते ते यासाठी.

आता त्या शब्दाकडे येऊ ज्यासाठी हा धागा आहे. ‘जेवॉकिंग’. नियम मोडून, नको तेथून रस्ता ओलांडणे. ‘जे’ म्हणजे इंग्रजी अक्षर नव्हे, आणि रस्ता वाकडा ओलांडल्याने होणारा आकारही नव्हे. ‘जे’ हा कलकलाट करणारा एक पक्षी. अमेरिकन बोलीत त्यावरून गावंढळ, भोळसट माणसाला ‘जे’ म्हणत. शहरात येऊन तोंड वासून उंच इमारती पाहणारा तो.

कॅन्ससमधील वृत्तपत्रांत १९०५ च्या सुमारास आधी दिसतो तो ‘जे ड्रायव्हर’; रस्त्याच्या चुकीच्या बाजूने गाडी वा मोटार हाकणारा अडाणी. त्याच्या जोडीने ‘जे वॉकर’ आला, पण त्याचा गुन्हा भलताच होता. पदपथावर आपली बाजू सोडून चालणारा आणि इतर पादचाऱ्यांना धडकणारा, तो जे वॉकर. मोटारीचा तेथे संबंधच नव्हता. शिष्टाचाराची टिंगल होती, इतकेच.

या शब्दाचा अर्थ पुढे कसा बदलला, याची सविस्तर मांडणी पीटर नॉर्टन या इतिहासकाराने २००८ मधील ‘फायटिंग ट्रॅफिक’ या ग्रंथात केली आहे. त्याआधी परिस्थिती अशी होती : शहरातील रस्ता सर्वांचा होता. ट्राम, फेरीवाले, घोडागाड्या, खेळणारी मुले या सर्वांचा. वेगवान वाहनाने सांभाळून जावे, अशी जनतेची आणि न्यायालयांची धारणा होती. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींमुळे दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शहरांत मृतांमध्ये पादचारी अधिक होते, आणि त्यांत मुले मोठ्या संख्येने होती. बाल्टिमोरने १९२२ मध्ये आदल्या वर्षी अपघातांत गेलेल्या मुलांसाठी स्मारक उभारले. युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी उभारतात तसे. व्यंगचित्रांत मोटारीच्या चाकामागे मृत्यूचा सांगाडा बसू लागला. बालबळी मागणारा प्राचीन देव मोलोख तिला उपमेसाठी मिळाला. ‘जगरनॉट’ ही दुसरी उपमा आपल्या ओळखीची आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या रथाखाली भाविक स्वतःला झोकून देतात, ही अतिरंजित कथा युरोपीय प्रवाशांनी पसरवली आणि त्यातून ‘चिरडत जाणारी प्रचंड शक्ती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तयार झाला. ब्रिटनमध्ये पुढे अवजड मालट्रकलाच जगरनॉट म्हणू लागले. लोकनाथाचे नाव त्या देशात मालवाहतुकीला लागले.

१९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२,००० नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागणी साधी होती. शहरातील प्रत्येक मोटारीत असे यंत्र बसवावे की ताशी २५ मैलांच्या (सुमारे ४० किलोमीटर) पुढे इंजिन चालणारच नाही. मोटार विक्रेते आणि उत्पादक हादरले. वेगच काढून घेतला तर मोटार कोण घेणार? त्यांनी जोरदार प्रचारमोहीम राबवली आणि नोव्हेंबर १९२३ च्या मतदानात प्रस्ताव पडला. पण उद्योगाला एक धडा मिळाला : प्रश्न ‘मोटारी फार वेगाने धावतात’ असा मांडला गेला तर हार अटळ आहे. प्रश्नच बदलायला हवा.

येथे ती जुनी टिंगल कामी आली. कॅन्सस सिटीने १९१२ मध्येच रस्ता ओलांडण्यावर निर्बंध घातले होते. आता ‘जेवॉकर’ हा शब्द देशभर नेण्यात आला. बालवीर पथकातील मुले पादचाऱ्यांच्या हाती समज देणाऱ्या चिठ्ठ्या ठेवत. न्यूयॉर्कच्या १९२४ मधील सुरक्षा-मिरवणुकीत विदूषकाच्या वेशातील जेवॉकरला फोर्ड मोटार मागून पुन:पुन्हा ढुशा देत होती आणि बघे हसत होते. मोटार उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेने वृत्तपत्रांसाठी मोफत सेवा सुरू केली : स्थानिक अपघातांचा तपशील पाठवा, तयार बातमी घ्या. त्या बातम्यांत दोष बहुधा पादचाऱ्याचा असे. जानेवारी १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांना ठरावीक पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडण्याचे बंधन घालणारा नियम लागू केला. नियम मोडणाऱ्याला अटक करण्यापेक्षा पोलिसाने शिटी वाजवून चारचौघांत लाज आणावी, हे अधिक परिणामकारक ठरले. १९२८ मध्ये, हर्बर्ट हूवर यांच्या पुढाकाराने भरलेल्या राष्ट्रीय परिषदेतून जो आदर्श नियम सर्व शहरांसाठी तयार झाला, त्याचा साचा लॉस एंजेलिसचाच होता.

या यशात शब्दाचा वाटा किती? सगळा नव्हे. मोटारींची संख्या, पैसा आणि मध्यमवर्गाची मोटारीची हौस ही कारणे मोठी आहेत. नॉर्टनच्या मांडणीत उद्योगाची योजकता थोडी अधिक सुसूत्र दिसते, असेही मला वाटते. पादचाऱ्यांना शिस्त लावू पाहणारे पोलीस आणि सुरक्षा-मंडळे यांचे हेतू नेहमी मोटारवाल्यांचेच नव्हते. तरीही शहरी माणसाला ‘तू नियमभंग केलास’ असे म्हटले तर तो वाद घालतो. ‘तू गावंढळ दिसतोस’ म्हटले की तो मुकाट पदपथावर चढतो. १९२० च्या दशकातील अमेरिकेत, नुकतेच खेड्यांतून शहरांत आलेल्या लोकांच्या गर्दीत, ही शिवी नेमकी वर्मी लागणारी होती.

ब्रिटनने हा शब्द घेतला, गुन्हा मात्र घेतला नाही. इंग्लंडमध्ये सामान्य रस्ता कोठूनही ओलांडणे आजही बेकायदेशीर नाही. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत चक्र उलटे फिरू लागले आहे. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये पोलिसांना केवळ या कारणावरून माणसाला अडवण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून, लगेच धडक बसण्याचा धोका नसेल तर, असा दंड होत नाही. न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये तो गुन्हाच रद्द केला. तेथील चर्चेत निर्णायक ठरलेला मुद्दा असा की, दंडाच्या पावत्या बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नागरिकांनाच मिळत होत्या.

‘जे ड्रायव्हर’ हा शब्द मात्र पहिल्या महायुद्धानंतर जवळजवळ लुप्त झाला. चालकाची टिंगल करणारा तो जुळा भाऊ आता मोठ्या शब्दकोशांच्या व्युत्पत्तीविषयक टिपांत तेवढा भेटतो.